माशाचं वय आणि घैसासांचं

डॉ. चंद्रशेखर घैसास यांना सॅमन माशाचं वय सांगता येत असे, आणि त्यासाठी मासा समोर असण्याची गरज नव्हती. पाठीवरच्या परामागून खरवडलेला, करंगळीच्या नखाहून लहान असा एक खवला पुरे. तो मायक्रोस्कोपखाली ठेवला की त्यावर आडव्या कापलेल्या कांद्यासारखी गोलात गोल वलयं दिसत. उन्हाळ्यात मासा खातो-पितो, वाढतो, वलयं सुटी पडतात. हिवाळ्यात उपासमार, मग वलयं एकमेकांना खेटून बसतात. खेटलेले पट्टे मोजायचे. दोन हिवाळे नदीत, एक समुद्रात. झालं वय.

ग्लासगोबाहेरच्या एका मत्स्यसंशोधन केंद्रात घैसास हे काम एकतीस वर्षं करत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी माशाचा एक घास खाल्ला नव्हता. त्यांची बायको सुचेता कारवारकडची. ती कोकम घालून सॅमनची आमटी करायची तेव्हा हे शेजारी वरणभात कालवत बसायचे आणि खवला सापडला तर माशाचं वय सांगायचे.

"ताजा आहे का तेवढं सांगा," सुचेता म्हणायची. "वय घेऊन मी काय करू? त्याचं लग्न जमवायचंय का मला?"

महाराष्ट्र मंडळात ते 'रावसवाले घैसास' होते. रावस वेगळा आणि सॅमन वेगळा हे त्यांनी पहिली दहा वर्षं समजावून सांगितलं. नंतर गणपतीला कुणी "काय म्हणतायत रावस?" असं विचारलं की ते "कमी झालेत" एवढंच सांगत. ते मात्र खरं होतं. सॅमनची पिल्लं नदीतून समुद्रात जातात, वर्ष-दोन वर्षांनी मोठी होऊन त्याच नदीत परततात, हा त्यांचा हजारो वर्षांचा शिरस्ता. पण आता जाणाऱ्यांतली पूर्वीच्या निम्मीही परत येत नव्हती. नदीत त्यांची सगळी बडदास्त चालली होती, म्हणजे घोटाळा समुद्रात होता. समुद्रात काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण घैसासांपर्यंत खवले यायचे ते परत आलेल्या माशांचे. जे आले नाहीत त्यांच्याबद्दल बोलायला कुणी येत नसे.

म्हणून सात देशांनी मिळून एक प्रकल्प काढला. २००८ च्या उन्हाळ्यात तीन जहाजं उत्तर अटलांटिकमध्ये जाणार, भर समुद्रात पिल्लं पकडणार आणि त्यांचे खवले ऑगस्टमध्ये ग्लासगोला वाचायला येणार. सात देश एकत्र आणायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत घैसास एकवीस बैठकींना हजर होते. त्यांपैकी तीन बैठकी फक्त पुढची बैठक कुठे घ्यायची यावर झाल्या. एवढं सगळं सोसलं ते ऑगस्टमधल्या त्या पाकिटांसाठी.

आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांना ऑफिसचं पत्र आलं. येत्या १ जूनला आपण पासष्ट वर्षांचे होत आहात, सबब त्या दिवशी आपण निवृत्त व्हाल. शुभेच्छा.

कायद्याने त्यांना अजून काही काळ ठेवून घेण्याची विनंती करण्याचा हक्क होता. ती मान्य करण्याचं बंधन मात्र संस्थेवर नव्हतं, नाकारण्याचं कारणही द्यायचं नव्हतं. घैसासांनी जानेवारीत हक्क बजावला. संस्थेने फेब्रुवारीत तो सन्मानपूर्वक नाकारला.

त्याच आठवड्यात सातही देशांचे खवले वाचणारे ग्लासगोला जमले होते. ऑगस्टच्या आधी सगळ्यांचं वाचन एकसारखं व्हायला हवं, म्हणून प्रत्येकाला तेच दोनशे खवले वाचायला दिले होते. निकाल असा लागला की दोनशेपैकी साठ मासे प्रत्येक देशात वेगवेगळ्या वयाचे होते. अध्यक्ष घैसासच. दुसऱ्या दिवशी दुपारी नॉर्वेचा आर्ने उठला. आर्ने सहा फूट चार इंच, आवाज बेताचा, पण उठला की उठल्याचं लक्षात यायचं.

"हा एक जानेवारीचा नियम मला पटत नाही," तो म्हणाला. "आपण सगळे मासे एक जानेवारीला एका वर्षाने मोठे धरतो. मासा अंड्यातून बाहेर येतो वसंतात. एक जानेवारीला जन्मलेला सॅमन मी आजवर पाहिलेला नाही."

"मीही नाही," घैसास म्हणाले.

"मग ही तारीख खोटी आहे."

"आहेच. पण माशाला विचारतंय कोण? आर्ने, तारीख खरी असण्याची गरज नाही. ती सगळ्यांची एकच असण्याची गरज आहे. नाहीतर तुझा मासा एप्रिलमध्ये मोठा होणार, आयर्लंडचा मार्चमध्ये आणि बेरीज करताना आपण सातही जण वेडे होणार. खरी तारीख काय ती माशाच्या आईला ठाऊक. आपल्याला कागदावर लागते ती सोयीची."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. इतिवृत्तात हे वाक्य शब्दशः गेलं. मागच्या रांगेत संस्थेचे संचालक बसले होते. ते खरं म्हणजे कॉफीसाठी आले होते, पण त्यांनीही मान डोलावली.

घैसास खुशीत घरी आले आणि जेवताना हा किस्सा सुचेताला सांगितला. तिने तो पोळी मोडता मोडता ऐकला.

"मग तुमची तरी कुठे खरी आहे?" ती म्हणाली.

"काय?"

"तारीख. एक जून. अहो, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जून आहे, तुम्हीच सांगता ना?"

घैसासांचा घास हातातच राहिला. त्यांच्या गावच्या शाळेत जन्मदाखला वगैरे भानगड नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा, मास्तर पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशा पोरांचे पुढे इंजिनिअर झाले, डॉक्टर झाले, जगभर गेले. मंडळाच्या वाढदिवसांच्या ईमेलमध्ये दर एक जूनला अकरा नावं असत. पासपोर्टवर, पगाराच्या कागदावर, सगळीकडे तीच तारीख. घैसासांची खरी तारीख त्यांच्या आईने सांगितलेली होती: शाळेचे पत्रे वादळात उडाले, त्याच्या पुढच्या दिवाळीत. शाळेच्या भिंतीवर फरशी होती, 'वादळात छप्पर गेल्यामुळे जीर्णोद्धार, सन १९४४'. म्हणजे दिवाळी १९४४. म्हणजे ते अजून चौसष्टचेसुद्धा नव्हते! मास्तरांनी त्यांना जवळजवळ दीड वर्षाने म्हातारं केलं होतं.

सुचेताने ईलिंगला वरदाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. वरदा त्यांची मुलगी, ग्लासगोत जन्मलेली, लंडनमध्ये सॉलिसिटर.

"बाबा, this is huge," वरदा म्हणाली. "त्यांचा लेटर पूर्ण चुकीची आहे. You're not sixty-five! तू अजून sixty-three आहे. पण प्रूफ पाहिजे. Something from that time. आजी नोटबुकमध्ये काय लिहिली होती का?"

"आजी लिहायची नाही गं. पत्रे उडाले की लक्षात ठेवायची."

"पत्रे म्हणजे letters?"

"छपराचे."

"Okay, हे tribunal ला नको सांगू."

जन्मपत्रिका होती. म्हणजे असायला हवी होती. धाकटा भाऊ नंदू सांगलीला असायचा आणि घरातला प्रत्येक कागद त्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर एका ट्रंकेत होता. नंदू म्हणाला, बघतो दादा. नंदूचं 'बघतो' साधारण सहा आठवड्यांचं असायचं.

तोवर घैसास मार्चमध्ये एचआरच्या मोयराकडे गेले. मोयरा पन्नाशीची, चष्मा साखळीने गळ्यात. एक जूनची प्रथा कशी समजावून सांगायची याची त्यांनी बसमध्ये तालीम केली होती. तिने दुसऱ्या वाक्यालाच हात वर केला.

"मला माहीत आहे, डॉक्टर घैसास. मी आधी हॉस्पिटलमध्ये होते. आमच्याकडे नऊ इंडियन डॉक्टर, त्यांपैकी सहांचा वाढदिवस एक जून. आम्ही एकच केक आणायचो. मला बरीच वर्षं वाटायचं की तुमच्याकडे सप्टेंबर महिना फार सुंदर असणार."

घैसासांनी बोटांवर उलटे महिने मोजले, मग त्यांचे कान लाल झाले.

"पण मला कागद लागेल," ती म्हणाली. "जन्माच्या वेळी केलेला. तुमचा कागद आमच्या नोंदीपेक्षा वेगळं काही सांगत असेल तर मी तो स्वतः संचालकांपुढे ठेवीन. तसं मला लिहून द्या."

घैसासांनी लिहून दिलं: माझी जन्मतारीख आपल्या नोंदीत चुकीची आहे, हे सिद्ध करणारा अस्सल कागद मी सादर करीन. खाली सही. मोयराने १३ मेची बैठक लावली.

एप्रिलच्या शेवटी नंदूचा फोन आला.

"दादा, सापडली."

"शाबास! स्कॅन करून पाठव, लगेच."

"पाठवतो. पण आधी बसून घे."

"बसलोय."

"कार्तिक शुद्ध पंचमी."

"बरोबर. दिवाळी."

"चित्रभानुनाम संवत्सर. शके अठराशे चौसष्ट."

घैसासांनी अठ्ठ्याहत्तर मिळवले. मग पुन्हा मिळवले. एकतीस वर्षं मोजणी करणाऱ्या माणसाला एवढी बेरीज दोनदा करावी लागू नये, पण त्यांनी तिसऱ्यांदाही केली.

"बेचाळीस?"

"बेचाळीस. मी भटजींनाही दाखवली. ते म्हणाले, कार्तिक म्हणजे नोव्हेंबर. तू मागच्याच नोव्हेंबरात पासष्टचा झालास, दादा. बिलेटेड हॅपी बर्थडे."

"अरे पण पत्रे उडाले चव्वेचाळीसला! फरशी आहे भिंतीवर!"

"पत्रे दोनदा उडाले, दादा. गावातल्या शांताक्का सांगत होत्या. बेचाळीसला उडाले तेव्हा गावकऱ्यांनी तेच पत्रे शेतातून गोळा करून परत ठोकले. त्याला कोण फरशी लावतंय? चव्वेचाळीसला पार ओढ्यापलीकडे गेले, तेव्हा नवे आणले."

माशालाही कधी मोठा ताप होतो, जखम होते, त्याचं खाणं तुटतं, आणि खवल्यावर हिवाळ्यासारखाच दिसणारा एक खोटा पट्टा उमटतो. नवशिका तो हिवाळा म्हणून मोजतो. या खोट्या पट्ट्यांवर घैसासांनी तीन देशांत व्याख्यानं दिली होती.

"पण मग मास्तरांनी वय वाढवलं नाही?"

"कमी केलं. आबांनीच सांगितलं होतं म्हणे, सात-आठ महिने कमी लावा, पोरगं सरकारी नोकरीत लागलं तर तेवढीच नोकरी जास्त."

म्हणजे जास्तीची जी मुदत ते मागत होते, ती त्यांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वीच मिळवून ठेवली होती, आणि ती त्यांनी नोव्हेंबरपासून ऑफिसात बसून जवळजवळ संपवली होती.

सुचेताने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरच्या आवाजात निदान केलं. ती तीस वर्षं जीपी होती. "पत्रिका सापडली नाही म्हणा."

"तसं कसं म्हणणार?"

"तोंडाने. निदान एक जूनपर्यंत तरी राहाल. खरं सांगितलंत तर उद्यापासून घरी. आणि वर म्हणतील, सहा महिने जास्त बसला."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. १३ मेला घैसासांनी बसमध्ये तेच वाक्य घोळवलं. 'कागद सापडला नाही.' तीन शब्द. पहिल्यांदा बरं जमलं. दुसऱ्यांदा त्यांना वाटलं की 'अजून' घालावं. तिसऱ्यांदा 'दुर्दैवाने' आलं. स्टॉपवर उतरेपर्यंत वाक्य इतकं लांब झालं होतं की ते खोटं आहे हे ड्रायव्हरलाही कळलं असतं. खिशात स्कॅन केलेली पत्रिका होती. ती घरी ठेवायला हवी होती हे त्यांना तेव्हा सुचलं.

बैठकीला संचालक, मोयरा आणि घैसास एवढेच होते. संचालकांपुढे फेब्रुवारीचं इतिवृत्त होतं, त्यातल्या एका परिच्छेदाला पिवळी खूण केलेली.

"शेखर," संचालक म्हणाले, "तुझ्या गावची प्रथा मोयराने सांगितली. मोठी रंजक आहे. पण तूच इथे म्हणालास, तारीख खरी असण्याची गरज नाही, कागदावर लागते ती सोयीची. सात देशांनी मंजूर केलं. माशांना जो नियम लावतोस तो—"

"ते ठीकच आहे," घैसास म्हणाले. "पण कागद आलाय."

त्यांनी तो टेबलावर ठेवला. राशींची चौकोनी घरं, वर गणपती, खाली मोडीसारखं दिसणारं देवनागरी. संचालकांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यांना कुठली बाजू वर हे कळलं नाही.

"काय म्हणतोय हा?"

"मी चुकलो होतो म्हणतोय. मी बेचाळीसचा आहे. मागच्या नोव्हेंबरात पासष्ट पुरी झाली. तुमच्या नोंदीतलं माझं वय कमी आहे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "छप्पर दोनदा उडालं होतं."

संचालकांचा चेहरा हळूहळू प्रसन्न होत गेला. ते खुर्चीत मागे रेलले.

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "म्हणजे तू आधीच—"

"एक मिनिट," मोयरा म्हणाली.

तिने चष्मा लावला, फाइल उघडली आणि नोव्हेंबरचं पत्र काढलं. ते तिने सावकाश वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. एचआरमध्ये चेहरा घालून यायची पद्धत नसावी.

"पत्रात लिहिलंय, 'येत्या १ जूनला आपण पासष्ट वर्षांचे होत आहात, सबब.' ते १ जूनला पासष्टचे होत नाहीत. 'सबब'च्या आधीचं सगळं चूक आहे."

"मग?"

"मग नोटीस चूक आहे. चुकीच्या नोटिशीवर मी कुणाला घरी पाठवणार नाही, मला ट्रायब्युनलची फार आवड नाही. नवीन नोटीस द्यावी लागेल. आणि नोटीस किमान सहा महिन्यांची लागते."

"आजपासून?"

"आज टाइप झाली तर आजपासून. आज मंगळवार आहे, मंगळवारी प्रिंटर चालत नाही. उद्यापासून धरा. चौदा नोव्हेंबर."

संचालक सरळ बसले. "म्हणजे तो जास्त म्हातारा निघाला म्हणून जास्त दिवस राहणार?"

"हो."

"आपण हा कागद पाहिलाच नाही असं नाही का करता येणार?"

"कागद आपणच मागितला होता," मोयरा म्हणाली. "लेखी." आणि तिने पत्रिकेवर तारखेचा शिक्का मारला, नेमका गणपतीच्या शेजारी.

घैसासांनी बाहेर येऊन घरी फोन केला. काय झालं ते सुचेताला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मी सांगितलं तसं केलं असतंत तर एक जूनला घरी असता."

"हो."

"बरं झालं, तुम्ही माझं कधी ऐकत नाही."

जहाजं जूनमध्ये गेली. एका जहाजाचं इंजिन बिघडलं, दुसऱ्याला पंधरा दिवस वादळाने झोडपलं, आणि आर्ने ज्याच्यावर होता त्याने दोन आठवडे नुसते बांगडे पकडले. घैसास रोज सकाळी त्याची ईमेल उघडत आणि मिटत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने एका ओळीत कळवलं: 'सापडले. एकशे चाळीस. हाताच्या लांबीचेसुद्धा नाहीत.' शेवटी तिन्ही जहाजांचे मिळून सातशेच्या वर मासे झाले.

पाकिटं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आली. लहान, खाकी, प्रत्येकावर पेन्सिलीने जागा आणि दिवस. घैसासांनी दार लावून घेतलं, पहिल्या पाकिटातला खवला काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

मधे नदीची बारीक वलयं. एक पट्टा खेटलेला, दुसरा पट्टा खेटलेला. दोन हिवाळे. त्यानंतर वलयं एकदम रुंद झाली होती: समुद्र, भरपूर खाणं. एक, दोन, तीन... अकरा. आणि बारावं अर्ध्यावर असताना खवला संपत होता.

एकतीस वर्षांत त्यांनी पाहिलेला प्रत्येक खवला घरी परतलेल्या माशाचा होता. पुढचं सगळं लिहून झालेलं असायचं. हा मासा पाच-सहा आठवड्यांपूर्वी, कुठेतरी आइसलँडच्या पूर्वेला, मजेत चालला होता. त्याला उपास घडला नव्हता, जखम नव्हती, खोटा पट्टा नव्हता. त्याचं सगळं छान चाललं होतं आणि मग आर्नेचं जाळं आलं. तो परत आला असता की नाही, हे खवल्यात नव्हतं. समुद्रात काय बिघडतंय ते या खवल्याला विचारून उपयोग नव्हता. त्याचं तिथवर काहीच बिघडलं नव्हतं.

घैसासांनी वाचन लिहिलं: नदीत दोन, समुद्रात शून्य अधिक, म्हणजे हिवाळा एकही नाही, नुसती थोडी वाढ. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं, जरा विचार करून ते खोडलं, कारण तसा शेरा यादीत नव्हता, आणि अकरा वलयांची रुंदी मोजायला घेतली. ती संपल्यावर त्यांनी दुसरं पाकीट फोडलं. सातशेबारा उरली होती, आणि चौदा नोव्हेंबरला अजून बारा आठवडे होते.